बुद्धिमान यंत्रे आणि गृहस्थाची शिल्लक

जी वस्तू जगाच्या उपयोगी पडते तिच्या व्यापारात पैसा घालणाराचे कल्याणच होते, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून दृढ झालेली आढळते. आगगाडी उपयुक्त, म्हणून आगगाडीच्या कंपनीचे शेअर चांगले. संगणक उपयुक्त, म्हणून सॉफ्टवेअरचे शेअर चांगले. आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा संचार सर्वत्र सुरू झाला, तेव्हा तिच्याशी ज्या कंपनीचे नाव जोडलेले असेल तिचे शेअर सर्वांत चांगले, असा हा सरळ हिशेब आहे. याच्या उलट दुसरी एक समजूत अलीकडे तितक्याच वेगाने पसरत आहे. यंत्रच जर सॉफ्टवेअर लिहू लागले, तर ते लिहून देणाऱ्या कंपन्यांचे दिवस भरले; सबब त्यांचे शेअर मिळेल त्या भावाने विकून मोकळे व्हावे, असे ही दुसरी समजूत सांगते. या दोहोंत एक दोष समान आहे. यंत्राचा उपयोग किती, एवढाच प्रश्न त्या विचारतात. त्या उपयोगातून निघणारा पैसा अखेर कोणाच्या हाती राहणार, आणि तो हाती येण्यापूर्वीच शेअर घेणाराने त्याची किती किंमत मोजली आहे, हे प्रश्न त्या विचारीतच नाहीत. ज्याने आयुष्यभर काटकसर करून चार पैसे बाजूला टाकले आहेत, त्या गृहस्थाच्या दृष्टीने मात्र हेच प्रश्न महत्त्वाचे होत.

मुंबई शहराला हा धडा नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून होणारा कापसाचा पुरवठा तुटला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली व मुंबई बंदरात पैशाचा पूर लोटला. हा कापूस खरा होता, त्याची गरज खरी होती आणि त्यातून झालेला नफाही खरा होता. परंतु तो नफा कायमचा आहे असे धरून शहरात नित्य नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांवर गेला. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव उतरला, आणि त्याच वर्षाच्या १ जुलैला वायद्यांचे देणे भागविण्याची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. खुद्द बँक ऑफ बॉम्बेचा कारभार १८६८ मध्ये गुंडाळावा लागला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट याच्या पुढची आहे. बॅक बेचा समुद्र विसाव्या शतकात खरोखरच हटविण्यात आला आणि त्या जमिनीवर आज मरीन ड्राइव्ह उभा आहे. कल्पना चुकीची नव्हती. ती सिद्धीस जाईपर्यंत तिच्यावर पैसा लावणारी पिढी मात्र केव्हाच धुऊन निघाली होती.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असा प्रसंग एकदा येऊन गेला आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात अवघ्या १०,००० रुपयांच्या भांडवलावर निघाली. १९९३ च्या फेब्रुवारीत इन्फोसिसने आपले शेअर ९५ रुपयांना विक्रीस काढले, तेव्हा ते पुरते खपलेही नाहीत. त्यानंतर सात वर्षांच्या आत चित्र असे पालटले की, ज्या कंपनीच्या नावात संगणकाची चाहूल लागेल तिचे शेअर घेण्यासाठी लोकांची झुंबड उडू लागली. अमेरिकेतील नॅस्डॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोहोचला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ पर्यंत घसरला. आणि गेलेली उंची त्याला पुन्हा गाठता आली ती २०१५ साली.

या पडझडीत बुडालेल्या नादान कंपन्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. अधिक बोध होतो तो न बुडालेल्या कंपनीच्या गोष्टीने. मायक्रोसॉफ्टचा धंदा त्या काळात थांबला नाही. तिचे सॉफ्टवेअर घरोघरी व कचेरी-कचेरीत चालू राहिले, तिचा नफाही पुढे वाढला. तथापि डिसेंबर १९९९ मध्ये ज्याने तिचा शेअर शिखरावरच्या भावाने घेतला, त्याला, लाभांश सोडून दिला तर, आपला मूळ भाव पुन्हा दिसला तो ऑक्टोबर २०१६ मध्ये. म्हणजे कंपनीची निवड अचूक असूनही सुमारे १७ वर्षे त्या पैशाला व्याजही सुटले नाही. ज्याच्या मुलीचे शिक्षण किंवा लग्न या १७ वर्षांत यावयाचे होते, त्याच्या दृष्टीने ती निवड अचूक ठरली असे म्हणता येणार नाही. उत्तम कंपनी आणि उत्तम खरेदी या दोहोंमध्ये किंमत उभी असते, ती अशी.

आता प्रस्तुत काळाकडे वळावे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन संस्थेने चॅटजीपीटी लोकांपुढे ठेवले, आणि सांगितलेले समजून घेऊन मजकूर, भाषांतर, हिशेब व संगणकाच्या आज्ञाही लिहून देणारे यंत्र सामान्य माणसाच्या हाती आले. सॉफ्टवेअरच्या धंद्यावर याचा परिणाम काय होईल हे पाहावयाचे तर त्या कंपन्या मुळात काय विकतात हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. भारतातील बड्या कंपन्यांचे उत्पन्न बहुतांशी माणसांच्या श्रमातून येते. परदेशांतील बँका, विमा कंपन्या, दुकाने व कारखाने यांची संगणकविषयक कामे त्या करून देतात आणि किती माणसांनी किती तास काम केले यावर आजवर बिलाची आकारणी बरीचशी होत आली. अमेरिकेतील पुष्कळ कंपन्यांची रीत निराळी आहे. त्या तयार सॉफ्टवेअर भाड्याने देतात आणि ते वापरणाऱ्या दर माणसामागे दरमहा वर्गणी घेतात. पहिल्या प्रकारात तास विकला जातो, दुसऱ्या प्रकारात जागा विकली जाते. परंतु दोन्हींच्या बुडाशी कचेरीत बसलेल्या माणसांची संख्या आहे. नवे यंत्र नेमका त्या संख्येलाच हात घालते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एखादी कंपनी एका परदेशी बँकेचे काम १०० रुपयांना करते. त्यांपैकी ७० रुपये माणसांच्या पगारात जातात, १० रुपये इतर खर्चात जातात व २० रुपये नफा उरतो. आता बुद्धिमान यंत्राच्या साहाय्याने तेच काम पूर्वीच्या सात-दशांश माणसांत होऊ लागले. पगार ४९ रुपयांवर आला. यंत्र वापरण्याचे ६ रुपये त्या यंत्राच्या मालकास द्यावे लागले. इतर खर्च १० रुपये तसाच राहिला. एकूण खर्च ६५ रुपये झाला. बिल जर १०० रुपयांचेच राहिले, तर नफा २० वरून ३५ रुपयांवर जाईल आणि भागधारकांच्या घरी दिवाळी होईल. परंतु बँकेचे अधिकारीही वर्तमानपत्रे वाचतात. काम थोड्या माणसांत होते हे त्यांना कळले, म्हणजे ते दर उतरविण्यास सांगणार, आणि एका कंपनीने नकार दिला तर तिचे चार प्रतिस्पर्धी दारात उभे असणार. दर १५ टक्क्यांनी उतरला तर नफा पूर्वीइतकाच, म्हणजे २० रुपये राहतो. तो २५ टक्क्यांनी उतरला तर बिल ७५ रुपयांचे होते व नफा १० रुपयांवर येतो. काम तेच, ते अधिक चलाखीने झाले, यंत्र उपयुक्त ठरले. आणि तरीही नफा निम्मा झाला.

शेअरच्या भावावर याचा आघात दुप्पट होतो. पूर्वी लोक या कंपनीच्या नफ्याच्या २० पट किंमत देत असतील तर २० रुपयांच्या नफ्यावर तिची किंमत ४०० रुपये होत होती. नफा १० रुपयांवर आला आणि भविष्याविषयी शंका उत्पन्न झाल्यामुळे लोक १० पटच देऊ लागले, तर तीच किंमत १०० रुपये होते. धंदा बंद पडला नाही, कचेरीला टाळे लागले नाही, तरी भागधारकाचे तीन-चतुर्थांश द्रव्य गेले. उलटपक्षी, दर उतरल्यामुळे गिऱ्हाइके दुप्पट काम देऊ लागली, तर ७५ रुपयांची दोन कामे होतील आणि नफा पुन्हा २० रुपयांवर येईल. हीही शक्यता उपेक्षणीय नाही. विल्यम स्टॅनले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी ग्रंथ लिहिला. त्यात त्याने असे दाखविले की, वाफेचे यंत्र थोड्या कोळशात चालू लागल्याने कोळशाचा खप कमी होत नाही. ते यंत्र स्वस्त पडू लागल्यामुळे अधिक ठिकाणी बसते आणि एकूण खप वाढतोच. सॉफ्टवेअर स्वस्त झाले तर ज्या लहान दवाखान्याला, सहकारी पतपेढीला किंवा बागायतदाराला आजवर ते परवडत नव्हते, तोही ते मागू लागेल. परंतु हा वाढलेला खप आजच्याच बड्या कंपन्यांच्या पदरात पडेल, असे जेव्हन्सच्या सिद्धान्तात कोठेही सांगितलेले नाही.

म्हणून प्रत्येक कंपनीविषयी एक प्रश्न विचारावा लागतो: यंत्रामुळे होणारी बचत तिघांपैकी कोणाच्या हाती राहील? गिऱ्हाइकाच्या, यंत्राच्या मालकाच्या, की या कंपनीच्या? जिचे काम दुसऱ्या कोणालाही सहज करता येते तिच्या हाती फारसे काही राहत नाही. चेग या अमेरिकन कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. विद्यार्थ्यांना गृहपाठाची उत्तरे वर्गणी घेऊन पुरविणे हा तिचा धंदा. २०२१ च्या फेब्रुवारीत तिचा शेअर ११० डॉलरच्या वर होता. चॅटजीपीटीमुळे नवे गिऱ्हाईक मिळण्यावर परिणाम होत आहे, असे तिच्या प्रमुखाने सांगितल्यावर २ मे २०२३ या एका दिवसात तो जवळजवळ निम्मा झाला. आणि २०२४ च्या अखेरीस तो २ डॉलरच्याही खाली होता. जी उत्तरे विकून पोट भरत होते, तीच उत्तरे शेजारी फुकट मिळू लागली, एवढेच यात घडले.

याच्या दुसऱ्या टोकाला बँकेच्या खातेवह्या चालविणारे सॉफ्टवेअर असते. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ साली आखली जाऊ लागली, आणि तिच्यात लिहिलेली कामे जगातील कित्येक बँकांत आजही चालू आहेत. ती बदलणे बुद्धीला अवघड आहे म्हणून नव्हे, तर बदलताना एका खात्यातील एक पैसाही इकडचा तिकडे होता कामा नये, ही जबाबदारी घेण्यास सहसा कोणी धजत नाही म्हणून. जेथे चुकीची किंमत मोठी आहे, जेथे गिऱ्हाइकाचा वर्षानुवर्षांचा हिशेब साठलेला आहे व कायद्याला उत्तर द्यावे लागते, तेथे जुना व विश्वासू पुरवठादार सहजासहजी हटत नाही. यंत्र त्याच्या हातातील अवजार होऊ शकते. जेथे केवळ हातांची संख्या विकली जात होती, तेथे मात्र तेच यंत्र त्याचे प्रतिस्पर्धी होते. एकाच कंपनीत हे दोन्ही प्रकार नांदत असतात; त्यांचे परस्पर प्रमाण काय आहे, हे तिच्या वार्षिक अहवालावरून शोधणे हे गुंतवणूकदाराचे काम होय.

यावर कोणी म्हणेल की, मग यंत्राच्या मालकाचे किंवा यंत्राला लागणारी सामग्री विकणाऱ्याचेच शेअर घ्यावेत, म्हणजे वादच मिटला. वाद इतक्या सहज मिटत नाही. या यंत्रांना लागणाऱ्या चिप बनविणारी एनव्हिडिया ही या तेजीतील सर्वांत भाग्यवान कंपनी. परंतु डीपसीक या चिनी संस्थेने थोड्या खर्चात तशीच बुद्धिमत्ता घडविल्याचे वृत्त पसरताच २७ जानेवारी २०२५ या एका दिवसात तिचे बाजारमूल्य सुमारे ६०० अब्ज डॉलरने उतरले. पुढे तो भाव सावरला, ही गोष्ट निराळी. भावात सर्व शुभ भविष्य आधीच धरलेले असले म्हणजे एखादी साधी वार्ताही त्याला सोसत नाही, हे त्या दिवशी दिसून आले.

येथवरचा विचार शेअर घेणाऱ्या कोणासही लागू आहे. महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांपुढे याखेरीज एक निराळाच प्रश्न उभा आहे, आणि तो अधिक निकडीचा आहे. समजा, पुण्यात एक निवृत्त अध्यापक राहतात. त्यांचा मुलगा व सून दोघेही हिंजवडीस सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत नोकरीस आहेत. दोघांच्या पगाराच्या भरवशावर त्याच भागात कर्ज काढून घर घेतलेले आहे. मुलाला कंपनीकडून तिचेच काही शेअर मिळाले आहेत. ते अभिमानाने जपून ठेवले आहेत. याशिवाय वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतील मोठा हिस्सा सॉफ्टवेअरच्या शेअरांतच पैसा घालणाऱ्या म्युच्युअल फंडात आहे, कारण मुलाने सांगितले, "बाबा, तुम्ही या धंद्याची चिंता करू नका, तो आम्हांला आतून ठाऊक आहे." वरवर पाहता या घरात पगार, घर, शेअर आणि फंड अशी चार प्रकारची मिळकत आहे. वस्तुतः ती एकच आहे. धंद्यात मंदी आली तर पगारवाढ थांबेल, कदाचित नोकरीही जाईल. त्याच वेळी शेअर आणि फंड उतरतील. आणि त्याच भागातील शेकडो घरे एकदम विक्रीस आल्यामुळे घराचा भावही त्याच वेळी पडेल. ज्या दिवशी शिल्लक मोडण्याची गरज पडावी, नेमका तोच दिवस शिल्लक मोडण्यास सर्वांत वाईट ठरेल. मराठीत यालाच एकखांबी तंबू म्हणतात.

ही भीती पोकळ नव्हे. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे आपल्या नोकरवर्गाच्या २ टक्क्यांच्या आसपास, कमी करण्याचे जाहीर केले. यंत्राने माणसांची जागा घेतली म्हणून हे होत नसून कामाची गरज व अंगची कौशल्ये यांचा मेळ बसत नाही म्हणून होत आहे, असा कंपनीचा खुलासा होता. कारण कोणतेही असो, हप्ता भरणाऱ्या घराला त्याचा अर्थ एकच होतो. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या एन्रॉन कंपनीचे २००१ च्या डिसेंबरमध्ये दिवाळे निघाले, तेव्हा अमेरिकेतील तिच्या हजारो नोकरांची नोकरी गेली. आणि त्यांनी आपली निवृत्तीची पुंजी त्याच कंपनीच्या शेअरांत ठेवलेली असल्यामुळे तीही गेली. तेथे लबाडी होती, सॉफ्टवेअरच्या धंद्यात ती आहे असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु जेथून भाकरी येते तेथेच पुंजीही ठेवली, म्हणजे आपत्ती एकटी येत नाही, एवढे त्यावरून शिकण्यास हरकत नाही.

मग अशा गृहस्थाने करावे काय? सॉफ्टवेअरचे शेअर मुळीच घेऊ नयेत, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या घरात या धंद्यातील पगार येत नाही, त्याने त्यातील सुदृढ कंपन्यांत थोडा हिस्सा ठेवण्यास प्रत्यवाय नाही. आणि सर्वत्र निराशा पसरलेली असताना मिळणारा भाव हा सर्वत्र उत्साह असतानाच्या भावापेक्षा त्याच्या हिताचाच असतो. ज्याच्या घरात तो पगार येतो त्याने मात्र उलट वागावे. त्या धंद्यातील त्याचा हिस्सा आधीच भरपूर झालेला आहे. त्याची शिल्लक सरकारी ठेवींत, भविष्यनिर्वाह निधीत आणि इतर अनेक धंद्यांत विभागलेली असावी. निर्देशांकाप्रमाणे चालणारा फंड घेतला तरी सॉफ्टवेअरच्या बड्या कंपन्या त्यात असतातच, तेव्हा त्यांच्यासाठी निराळा फंड घेण्याचे त्याला कारण नाही. कंपनीकडून मिळालेले शेअर विकण्याची मुभा मिळताच त्यांतील काही नेमाने विकून पैसा दुसरीकडे वळविणे हा कंपनीशी द्रोह नव्हे. ती आपल्या मुलाबाळांविषयीची जबाबदारी आहे. आणि घर कोणतेही असो, पाचसात वर्षांत ज्या पैशाची गरज लागणार आहे तो शेअरांत असू नये. तसेच सहा महिन्यांचा घरखर्च व कर्जाचे तितकेच हप्ते बँकेत सदैव हाताशी असावेत.

या सर्वांतील कोणत्याही गोष्टीला बाजाराचे भविष्य वर्तविण्याची शक्ती लागत नाही. बुद्धिमान यंत्र उद्या काय करील हे त्याच्या कर्त्यांनाही निश्चित सांगता येत नसेल, तेथे निवृत्त गृहस्थाने त्याचा अंदाज बांधीत बसणे व्यर्थ होय. आपल्या घरात कोण कोठून मिळवतो, कोणाकडे किती देणे आहे आणि पुंजी कोठे ठेवली आहे, हे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. एखाद्या रविवारी सकाळी कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर पगार, कर्ज व शिल्लक असे तीन रकाने पाडावेत आणि प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या धंद्यावर अवलंबून आहे ते लिहावे. तिन्ही रकान्यांत जर एकाच धंद्याचे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर शेअर बाजाराच्या बातम्या ऐकण्यापूर्वी प्रथम तो कागद सुधारण्याच्या उद्योगास लागावे.